बंदीच्या बाजूने

जपानमध्ये दारू केव्हाही विकत मिळते. पहाटे मिळते, सणाच्या दिवशी मिळते, रविवारी सकाळी तर हमखास मिळते. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षं मी ती स्वतः विकली आहे, दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा चढवून आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकून.

आम्ही टोकियोत हिगाशी-कसाईला राहायला आलो तेव्हा दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपाला दोन-एक वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याचं सॉफ्टवेअरचं कंत्राट होतं आणि माझा व्हिसा त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. चिंचवडला मी ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवत होते. इथे मला आठवड्याचे काही ठरावीक तासच काम करायची परवानगी होती, तेही मिळेल ते. ते मला स्टेशनच्या वाटेवरच्या कोनबिनीत मिळालं. चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानाला इथे कोनबिनी म्हणतात. आमच्या सिग्नलपाशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन होती, भांडून वेगळ्या झालेल्या जावांसारखी. अलीकडच्या दुकानात मी होते. शनिवार-रविवारच्या सकाळी जपानी विद्यार्थ्यांना नको असत, म्हणून त्या माझ्या वाट्याला आल्या.

मंडळातल्या बायकांनी ते ऐकून ‘अय्या, दुकानात?’ असं केलं. मराठी मंडळ होतंच, आपण कुठेही गेलो तरी ते असतंच. आमच्या एदोगावा वॉर्डात होतं, शेजारच्या कोतो वॉर्डातले लोकही यायचे. मी त्यांना सांगितलं की दुकानात, हो, आणि तळलेली कोंबडीसुद्धा मीच काढते. त्यानंतर मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जरा लांबच बसवण्यात आलं.

दारू विकायची पद्धत अशी होती. गिऱ्हाइकाने डबा काउंटरवर ठेवायचा, मी तो मशीनला दाखवायचा, की त्याच्या बाजूच्या पडद्यावर प्रश्न यायचा: तुमचं वय वीस वर्षांच्या वर आहे का? खाली एकच बटण: हो. ‘नाही’ला बटण नव्हतंच. गिऱ्हाइकाने त्याला बोट लावलं की व्यवहार पुढे सरकायचा. सत्तरीचे आजोबासुद्धा वाकून, चष्मा वर करून ते बटण दाबायचे. मला सुरुवातीला फार हसू यायचं.

मग एका रविवारी सकाळी ते बटण भाऊजींनी दाबलं, आणि हसू संपलं.

भाऊजी आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. मुंबईच्या एका बँकेने त्यांना टोकियोच्या शाखेत पाठवलं होतं, भूकंपाच्याही आधीपासून. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायचे. म्हणायचे म्हणजे तोंडदेखलं नव्हे. मला इथे आल्याआल्या कचऱ्याचे वार कुणी शिकवले, तर तिने. जळणारा कचरा कधी, बाटल्या कधी, डबे कधी, कुठली पिशवी पारदर्शक हवी. मला पहिल्या हिवाळ्यात एकटीला रडू यायचं तेव्हा दार वाजवून भाकरी घेऊन आली ती तीच. त्यांना एक मुलगी होती, भारतीय शाळेत नववीत. आईने मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची.

आणि भाऊजी म्हणजे मंडळाचा आवाज. गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन त्यांचं, कुणाच्या निरोपाचं भाषण त्यांचं. रुईयाच्या कट्ट्यावरचा माणूस, वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेला. बोलायला उभे राहिले की मुलंसुद्धा फोन खाली ठेवायची.

ते भाऊजी दर रविवारी सकाळी यायचे. पाव, दूध, आणि पावाच्या आड बिअरचे उंच डबे. ‘गुड मॉर्निंग वहिनी, काय म्हणते ड्यूटी?’ म्हणायचे, बटणाला बोट लावायचे आणि जायचे. मागे झाडांमधून जाणारी पायवाट आहे, तिथल्या बाकावर बसून प्यायचे. रिकामे डबे आमच्याच दुकानाबाहेरच्या पेटीत टाकून जायचे. घरच्या पारदर्शक पिशवीत डबे दिसले असते ना, सगळ्या इमारतीला. पेटी रिकामी करायचं काम माझंच होतं. म्हणजे भाऊजींनी जगापासून जे लपवलं, ते नेमकं माझ्या हातातून जायचं.

ताईला मी सांगितलं नाही, तिनेच मला विचारलं. लिफ्टपाशी गाठून म्हणाली, “अगं, हे तुझ्या दुकानात येतात ना रविवारी?”

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

“खोटं बोलू नकोस. वास मला येतो. दुपारी झोपतात, उठले की घर डोक्यावर घेतात. मुलीला पोहण्याच्या क्लासवरून आणायचं विसरले गेल्या महिन्यात. ती दोन तास स्टेशनवर.”

“तुम्ही बोलला नाहीत त्यांच्याशी?”

“बोलले! बिअर म्हणजे काय दारू असते का, म्हणतात. आणि हसतात. हसले की मला पुढे बोलताच येत नाही.”

मग तिने मला सगळं सांगितलं. भूकंप झाला त्या आठवड्यात बँकेने सगळ्यांच्या कुटुंबांना मुंबईला धाडलं. शाखा चालू ठेवायला कुणीतरी हवं होतं, भाऊजींनी हात वर केला. वर्ष-दीड वर्ष ते इथे एकटे होते. ताई आणि मुलगी परत आल्या तेव्हा रविवारच्या सकाळी आधीच लागलेल्या होत्या. आता सोमवारीही तेच व्हायला लागलं होतं. बँकेतल्या जपानी साहेबांनी एकदा तब्येतीची चौकशी केली होती. इथे साहेबांनी तब्येतीची चौकशी केली म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं. बँकेने परत पाठवलं तर मुलीची दहावी मधेच तुटणार. ताईला एवढंच हवं होतं: दहावी होईपर्यंत हा माणूस उभा राहिला पाहिजे.

तेव्हापासून मी दर रविवारी तिला निरोप पाठवायचे. ‘आले होते.’ बस, एवढाच. निरोप मिळाला की ती मुलीला घेऊन दुपारभर लायब्ररीत जाऊन बसायची. कधी ‘आज नाही आले’ असा निरोप गेला, की तिकडून शिऱ्याचा फोटो यायचा. मला ती हेरगिरी आवडायची असं नाही. पण घर चालत होतं त्यावर.

आता मंडळाकडे येते. मंडळाचे अध्यक्ष त्याच वर्षी अमेरिकेतून बदलून इथे आले होते. गणपतीत मोदक खाताखाता त्यांनी सांगितलं की तिकडे ते राहायचे त्या गावात रविवारी दुपारपर्यंत दारू विकायला कायद्याने बंदी होती. सुपरमार्केटमध्ये त्या कपाटांवर सकाळी चक्क पडदा ओढून ठेवत. त्यावर पंगतीत जी काय जुंपली! एक म्हणाला, हा चर्चचा कायदा, आपल्याला काय त्याचं. दुसरा म्हणाला, आपल्याकडे ड्राय डे असतोच की, आणि आदल्या दिवशी दुकानापुढे रांगा असतात. तिसऱ्याने मुंबईतल्या परमिटची आठवण काढली. बायका म्हणाल्या, इथेही हवी अशी बंदी. पुरुष म्हणाले, इथे हनामीला, म्हणजे चेरीचा बहर बघायला, लोक सकाळी आठला झाडाखाली पीत बसतात आणि कुणी कुणाला शिवी देत नाही, कायदा कशाला हवा? भाऊजी हसत ऐकत होते, आणि वाढत होते.

ताईच्या डोक्यात तिथेच काहीतरी शिरलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती डोळे चमकवतच.

“दिवाळीच्या कार्यक्रमात वादविवाद स्पर्धा आहे. हाच विषय ठेवायला सांगते. रविवारी सकाळी दारूविक्रीवर कायद्याने बंदी असावी की नसावी.”

“आणि?”

“आणि ह्यांना बंदीच्या बाजूने उभं करायचं. बाजू समिती देणार. अध्यक्षांच्या बायकोला मी सांगितलंय.”

मला काही कळेना. ती म्हणाली, “अगं, हे भाषणाची तयारी करतात तेव्हा त्यात शिरतात. आठ-आठ दिवस दुसरं बोलत नाहीत. बंदीच्या बाजूने आठ दिवस विचार केला ना, तर काहीतरी आत उतरेल. माझं नाही ऐकत, स्वतःचं तरी ऐकतील.”

आता हे लिहिताना मला संताप येतो. तिचा नाही, आम्हा सगळ्यांचा. नवरा पितो, तर त्याला समोर बसवून बोलायचं, डॉक्टरकडे न्यायचं, त्याच्या मित्राला हाताशी धरायचं. हे आमच्यात कुणाला सुचलं नाही. आम्ही वादविवाद स्पर्धा भरवली. शाळेपासून आमची हीच खोड आहे. घरात जे तोंडातून निघत नाही ते माईकसमोर काढायचं, आणि वर त्याला गुण द्यायचे. मीसुद्धा ताईला म्हणाले, छान कल्पना आहे.

स्पर्धा शनिवारी होती, वॉर्डाच्या सभागृहात. बाहेर चपलांच्या रांगा, आत फराळ. परीक्षक म्हणून पुण्याहून मुलाकडे आलेले एक निवृत्त प्राध्यापक बसवले होते. विरुद्ध बाजूचा पहिला वक्ता एक तरुण इंजिनिअर होता, तो स्वातंत्र्यावर बोलला आणि ठीक बोलला. बंदी घातली की माणूस आदल्या रात्रीच साठा करतो, म्हणाला. मग भाऊजी उठले. पांढरा झब्बा घातला होता. ताईने मुलीला सांगून ठेवलं होतं, व्हिडिओ काढ म्हणून.

ते नेहमीसारखे हातवारे करून बोलले नाहीत. माईकची दांडी धरून बोलले.

“भूकंपानंतरच्या आठवड्यात ह्या भागातल्या दुकानांत पाण्याची बाटली मिळत नव्हती,” त्यांनी सुरुवात केली. “पाव नव्हता, दूध नव्हतं. मी रिकाम्या फळ्यांसमोरून चालत गेलो. एक कपाट मात्र भरलेलं होतं.”

लोक हसले.

“रविवार होता. बँक बंद. बायको-मुलगी मुंबईला. जमीन अधूनमधून हलत होती आणि हलली असं सांगायला घरात कुणी नव्हतं. मी त्या कपाटासमोर उभा राहिलो. सकाळचे आठ वाजले होते. मला कुणी अडवलं नाही. दुकानातल्या मुलीने मला थँक यू म्हटलं. त्या कपाटावर त्या सकाळी पडदा असता, तर दुपारपर्यंत मी काय केलं असतं? घरी फोन केला असता. कदाचित रडलो असतो. दुपारपर्यंत माणूस रडून मोकळा होतो. कायद्याने मला तेवढी एक सकाळ द्यायला हवी होती. ती मिळाली नाही, आणि तेव्हापासून माझी एकही रविवार सकाळ माझी नाही.”

आता कुणी हसत नव्हतं. मी माझ्या शेजारी बसलेल्या ताईचा हात पकडला. मला वाटलं, झालं. बोलला हा माणूस. सगळ्यांसमोर, स्पष्ट, स्वतःच्या तोंडाने. आता कुणीतरी उठेल, कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल.

टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या त्या सभागृहात मी कधी ऐकल्या नव्हत्या. प्राध्यापक उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ह्या वक्त्याने ‘मी’ म्हणून जे निवेदन उभं केलं, त्याला तोड नाही! क्षणभर मलाच वाटलं, हे खरोखर ह्यांच्या आयुष्यात घडलंय.” सभागृह खळखळून हसलं. भाऊजीही हसले. त्यांनी मान झुकवून नमस्कार केला. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा थर्मास आणि चकल्यांचा डबा. अध्यक्ष माझ्या नवऱ्याला म्हणाले, “काय शैली आहे राव ह्या माणसाची!”

जे कळायचं ते आम्हा दोघींनाच कळलं होतं. ताई स्वच्छतागृहात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, “बघ, उतरलं की नाही आत?” तिचा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी काउंटरवर होते, आणि सारखी दाराकडे बघत होते. भाऊजी येणार नाहीत, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. ते नेहमीच्या वेळेला आले. पाव, दूध, आणि पावाच्या आड डबे.

“गुड मॉर्निंग वहिनी.”

मी दूध मशीनला दाखवलं, पाव दाखवला. डब्यांना हात लावला नाही.

“हे आज देणार नाही, भाऊजी.”

“का हो?”

“काल तुम्हीच सांगितलंत का ते.”

ते हसायला लागले. मग हसू थांबलं. असा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, एखाद्याला नावाने हाक मारल्यावर होतो तसा. हळूच म्हणाले, “पण तसा कायदा नाहीये ना, वहिनी.”

“ह्या काउंटरपुरता आहे.”

मागे रांग झाली होती. एक आजोबा विजेचं बिल भरायला उभे, त्यांच्या मागे टॅक्सीवाला कॉफीचा कप घेऊन. भाऊजींनी डबे उचलले, स्वतः नेऊन कपाटात ठेवले, नाव पुढे येईल असे फिरवून. इतकी वर्षं इथे काढल्यावर तेवढं होतंच. पाव आणि दूध काउंटरवरच राहिलं. ते बाहेर गेले, सिग्नलला थांबले, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानापाशी पोचले. पण आत गेले नाहीत. बाहेर पेट्यांजवळ उभे राहिले, खिशात हात घालून, तोंड आमच्या दुकानाकडे करून.

काचेतून मला ते दिसत होते. मी आजोबांचं बिल घेतलं. परत बघितलं, ते तिथेच. मला वाटलं, लाज वाटतेय, विचार करतायत, आता घरी जातील. टॅक्सीवाल्याची कॉफी झाली. तेवढ्यात आमचे दुकानाचे व्यवस्थापक मागच्या खोलीतून आले. कॅमेऱ्यात त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते फार सौम्य बोलले. म्हणाले, ते गिऱ्हाईक आहेत. पडद्यावर बटण आहे. त्यांनी बटण दाबलं की आपली जबाबदारी संपते, तेवढ्याचसाठी ते बटण आहे. मी वाकून माफी मागितली. मान वर केली तेव्हा समोर भाऊजी नव्हते, आणि समोरच्या दुकानाचं सरकतं दार बंद होत होतं.

तरी मला अभिमान वाटला. कशाला खोटं बोलू? मी ताईला निरोप पाठवला: ‘आज मी दिली नाही.’ तिने हात जोडल्याची चित्रं पाठवली, ओळभर.

नंतर भाऊजी आमच्या दुकानात आले नाहीत. एकदाही नाही. रविवारी सकाळी ते मला काचेतून दिसायचे, पलीकडच्या दारातून आत जाताना. बाहेर येताना दिसायचे नाहीत, कारण मी पाव लावत असायचे किंवा कोंबडी तळत असायचे. काय घेतलं, किती घेतलं, ते सांगायला आता कुणी नव्हतं. पलीकडच्या पेट्या मी रिकाम्या करत नव्हते. ताई विचारायची, “आले होते का?” आणि मी लिहायचे, ‘माझ्याकडे नाही.’ काही आठवड्यांनी तिने विचारणं सोडलं. लिफ्टमध्ये भेटली की हवेबद्दल बोलायची.

मंडळात तो विषय मात्र रंगतच राहिला. ग्रुपवर महिनाभर चालला. कुणी अमेरिकेतल्या पडद्याचा फोटो टाकला, कुणी गुजरातचं उदाहरण दिलं. अध्यक्षांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे व्यवस्थित मांडून समारोप केला की जपानी समाज परिपक्व असल्यामुळे इथे बंदीची गरज नाही. त्यावर पन्नास अंगठे पडले. त्यात भाऊजींचाही एक होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका सोमवारी, बँकेत जाताना, भाऊजी स्टेशनच्या जिन्यावरून खाली आले ते सरळ डोक्यावर. स्टेशनच्या लोकांनी अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात त्यांच्या बॅगेतलं सामान ताईच्या हातात दिलं, त्यात तो बक्षिसाचा थर्मास होता. अर्धा भरलेला. चहा नव्हता त्यात. रविवार सकाळचे बिअरचे डबे केव्हाच मागे पडले होते. हॉस्पिटलने बँकेला कळवलं, किंवा बँकेने विचारलं, ते मला माहीत नाही. पोटातल्या कुठल्याशा ग्रंथीला सूज होती, यकृत बिघडलं होतं. साहेब फुलं घेऊन भेटायला आले, आणि पुढच्या आठवड्यात बदलीचा हुकूम. मुलीची दहावी नुकती सुरू झाली होती.

मी सामान बांधायला गेले. चौथ्या मजल्यावर खोकीच खोकी. ताई माझ्याशी बोलेना. वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. शेवटी मीच म्हणाले, “ताई, माझ्यावर रागावलात का?”

“तुझ्याकडून घेत होते तोपर्यंत मला कळत तरी होतं,” ती कपाकडे बघत म्हणाली. “रविवार कसा जाणार ते सकाळीच कळायचं. तू नाही म्हणालीस, आणि मी आंधळी झाले.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. “तुम्हीच हात जोडल्याची चित्रं पाठवलीत! स्पर्धा तुम्ही भरवलीत. मी एकटीने ते भाषण मनावर घेतलं, हा माझा गुन्हा?”

“हो ना,” ती म्हणाली. “सगळ्या सभागृहात तू एकटीने.” आणि तिने दुसरा कप उचलला.

त्या भाषणाने एकच माणूस बदललं, ती मी, आणि मी बदलले नसते तर बरं झालं असतं, असं ती म्हणत होती. असेलही. पण मग त्या माणसाला जन्मभर डबे विकत राहायचे, आणि वाकून थँक यू म्हणायचं, हे तरी कुणी माझ्या गळ्यात घातलं? मला ह्याचा राग आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मंडळाने निरोप समारंभ केला, शाल दिली, श्रीफळ दिलं. अध्यक्षांनी पडद्यावर भाऊजींचा तो व्हिडिओ लावला, मुलीने काढलेला. एक अविस्मरणीय भाषण म्हणून. टाळ्यांसकट पूर्ण लावला. भाऊजी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते, खूप बारीक झाले होते. मुलगी मधेच उठून बाहेर गेली.

त्यांचं विमान रविवारी होतं. विमानतळाची बस स्टेशनपासून सुटते, म्हणून सकाळीच ते सगळे आमच्या दुकानावरून गेले. ताई आणि मुलगी बॅगा घेऊन सिग्नलपाशी थांबल्या. ताईने आत पाहिलं नाही. दार सरकलं आणि भाऊजी एकटे आत आले. त्यांनी पाण्याची एक बाटली काउंटरवर ठेवली.

मी ती मशीनला दाखवली. पाण्याला पडदा काही विचारत नाही, तरी त्यांचं बोट पडद्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात ना, मला बरं वाटलं होतं. वाटलं, एका माणसाने तरी ऐकलं.”

मी पैशांचा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला.

“मी समोर उभा होतो बराच वेळ. तुम्हाला दिसत होतो ना काचेतून?”

“दिसत होतात.”

“वाट बघत होतो.”

“कुणाची?”

“कुणीही चाललं असतं,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, माईकसमोर असायचा तसा नव्हता. “कुणी रस्ता ओलांडून आलं असतं, तर मी घरी गेलो असतो.”

त्यांच्या मागे एक बाई दही घेऊन उभी होती. बाहेर सिग्नल हिरवा झाला आणि ताईने बॅग उचलली. पिशवी हवी की नुसती पैसे भरल्याची पट्टी लावू, असं मी त्यांना जपानीत विचारलं. पट्टी चालेल, असं त्यांनी जपानीतच उत्तर दिलं. मी बाटलीला पट्टी लावली, दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली, आणि कमरेत वाकून थँक यू म्हटलं.